प्रॉपोझिशन २४च्या विरोधातले मुद्दे खरे होते का? जुन्या-नव्या कलमांवर ताडून पाहण्याची पद्धत

कॅलिफोर्नियात काही कायद्यांचे प्रस्ताव (‘प्रॉपोझिशन’) थेट मतदारांच्या मतदानाला ठेवले जातात, आणि राज्याच्या अधिकृत मतदार-पुस्तिकेत अशा प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूचे आणि विरोधातले म्हणणे छापलेले असते. त्या पानांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक सूचनाही असते: ही लेखकांची मते आहेत, त्यांची अचूकता कोणत्याही सरकारी यंत्रणेने तपासलेली नाही. पुस्तिका राज्य सरकारची, छपाई सरकारी, त्यामुळे आतला मजकूरही सरकारने पडताळलेला असेल असे वाचणाऱ्याला वाटते. तसे नसते. पडताळणी मतदारालाच करावी लागते, आणि एक-दोन संध्याकाळी दिल्या तर ती घरबसल्या होते.

इथे नमुना म्हणून ३ नोव्हेंबर २०२० रोजी मतदानाला आलेला प्रॉपोझिशन २४ घेतला आहे. हा ग्राहकांच्या खासगी माहितीविषयीचा प्रस्ताव सुमारे ५६ टक्के मतांनी मंजूर झाला. त्याच्या विरोधातले मुद्दे तपासायला तो फार चांगला, कारण विरोध करणारे लोक खासगीपणाचे शत्रू नव्हते. शेतमजुरांच्या नेत्या डोलोरेस वेर्ता, अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या कॅलिफोर्नियातल्या शाखा, कन्झ्युमर फेडरेशन ऑफ कॅलिफोर्निया, असे सगळे विरोधात होते. कॉमन सेन्स मीडिया आणि कन्झ्युमर वॉचडॉग बाजूने होते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने कोणतीच बाजू घेतली नाही. म्हणजे ‘चांगली माणसे कुठे उभी आहेत’ हे पाहून निकाल लागत नव्हता. मजकूरच वाचावा लागत होता.

आधी पार्श्वभूमी

२०१८ साली सॅन फ्रान्सिस्कोचे बांधकाम व्यावसायिक ॲलस्टेअर मॅकटॅगर्ट यांनी खासगी माहितीवरचा एक प्रस्ताव मतदानासाठी आणला होता. विधिमंडळाने तसाच कायदा केला आणि त्या बदल्यात प्रस्ताव मागे घेतला गेला. हा ग्राहक गोपनीयता कायदा १ जानेवारी २०२०ला लागू झाला. त्यावर समाधान न झाल्याने मॅकटॅगर्ट यांनीच तो बदलणारा प्रॉपोझिशन २४ आणला. यातले ‘बदलणारा’ हे महत्त्वाचे. प्रस्ताव कोऱ्या पाटीवर लिहिलेला नव्हता, त्यामुळे त्याच्यावरचा जवळजवळ प्रत्येक आक्षेप हा जुन्या आणि नव्या कलमांतल्या फरकाविषयीचा आक्षेप होता.

मराठी वाचकासाठी दोन गोष्टी. ही पुस्तिका हिंदीसह दहा भाषांत निघते, मराठीत नाही. आणि या कायद्यात ‘ग्राहक’ म्हणजे कॅलिफोर्नियाचा रहिवासी, नागरिक असो वा नसो. सॅन होजेत एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या मराठी इंजिनिअरला मत देता येत नाही, पण हक्क मिळतात.

काय काय समोर ठेवायचे

चार कागद लागतात. पहिला, पुस्तिकेतले विरोधातले म्हणणे आणि बाजूच्यांनी त्याला दिलेले प्रत्युत्तर. म्हणण्याला ५०० शब्दांची मर्यादा असते, प्रत्युत्तराला २५०. दुसरा, त्याच पुस्तिकेतले लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्ट कार्यालयाचे विश्लेषण. हे कार्यालय कोणत्याही बाजूचे नाही, आणि खर्चाचे आकडे इथूनच घ्यावेत. तिसरा, प्रस्तावाचा पूर्ण मजकूर. हा पुस्तिकेच्या शेवटी असतो, आणि बहुतेक लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. पण पडताळणीचे खरे काम तिथेच होते, कारण वगळलेले शब्द त्यात खोडलेल्या अक्षरांत आणि नवे शब्द तिरप्या अक्षरांत छापलेले असतात. जुना आणि नवा कायदा एकाच ओळीत दिसतो. चौथा, त्या वेळी लागू असलेली नियमावली आणि विधिमंडळात त्याच वर्षी झालेली संबंधित विधेयके.

इथे एक चूक सर्रास होते. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर नागरी संहितेचे कलम उघडले की आजचा मजकूर दिसतो. तो २०२०चा जुना कायदा नव्हे. त्यात प्रस्ताव मिसळलेला आहे, शिवाय नंतरच्या दुरुस्त्याही आहेत. पोटकलमांचे क्रमांकही मागेपुढे सरकतात. आजच्या कलमावरून २०२०च्या आरोपाचा निकाल लावला तर उत्तर चुकणारच. जुन्यासाठी खोडलेली अक्षरेच पाहावीत.

पायरी पहिली: म्हणण्याचे तुकडे करा

एक वही घ्या आणि विरोधातल्या म्हणण्यातले प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर उतरवा. प्रत्येकापुढे एक खूण करा: हे विधान तपासण्याजोगे आहे, भाकीत आहे, मत आहे की हेतूचा आरोप आहे. ‘कायदा लागू होऊन वर्षही झाले नाही, इतक्यात बदल नको’ यातला पहिला भाग तपासता येतो आणि तो खरा आहे. दुसरा भाग मत आहे. त्याला खरे-खोटे ठरवायला जाऊ नये.

मग प्रत्येक वाक्यातले क्रियापद अधोरेखित करा. ‘परवानगी देतो’, ‘चालू ठेवतो’, ‘वाढवतो’, ‘काढून घेतो’, ‘लांबवतो’ ही पाच क्रियापदे पाच वेगवेगळे दावे करतात, आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. ‘काढून घेतो’ म्हटले तर ती गोष्ट आधी असल्याचे दाखवावे लागते. ‘परवानगी देतो’ म्हटले तर ती आधी नव्हती असा समज होतो, जरी शब्द तसे सांगत नसले तरी. वाचणारा बहुधा इथेच फसतो.

पायरी दुसरी: तीन रकाने

प्रत्येक दाव्यापुढे तीन रकाने आखा. जुन्या कायद्यात काय होते? प्रस्ताव नापास झाला तर काय होईल? प्रस्ताव पास झाला तर काय होईल? पहिला आणि दुसरा रकाना एकच आहे असे वाटते. तसे नसते, आणि प्रॉपोझिशन २४मध्ये याचेच उत्तम उदाहरण सापडते.

विरोधकांचे म्हणणे होते की कामगारांना मालकाने आपली कोणती माहिती गोळा केली हे १ जानेवारी २०२१पासून कळणार होते, आणि हा प्रस्ताव ते कित्येक वर्षे लांबवतो; मालक गुपचूप माहिती गोळा करत राहतील. आता रकाने भरू. २०१९च्या एबी २५ या विधेयकाने कर्मचाऱ्यांच्या माहितीला १ जानेवारी २०२१पर्यंत सूट दिली होती. म्हणजे जुलै २०२०मध्ये, हे म्हणणे लिहिले गेले तेव्हा, तारीख बरोबर होती. पण सप्टेंबर २०२०च्या अखेरीस एबी १२८१वर राज्यपालांची सही झाली. त्यात म्हटले होते की प्रॉपोझिशन २४ नापास झाला तर ही सूट १ जानेवारी २०२२पर्यंत राहील. प्रस्तावात ती १ जानेवारी २०२३पर्यंत होती. म्हणून मतदानाच्या दिवशी खरा फरक एका वर्षाचा होता. छापील पुस्तिकेत मात्र जुनीच तारीख राहिली. ‘गुपचूप’ हा शब्दही टिकत नाही, कारण एबी २५ने सूट देतानाही माहिती गोळा करतेवेळी सूचना देण्याचे बंधन कायम ठेवले होते, आणि माहिती फुटल्यास दावा करण्याचा हक्कही.

निकाल असा लिहावा: लांबणीवर टाकणे खरे, कालावधी शिळा, ‘गुपचूप’ चूक. एका वाक्याचे तीन निकाल. ‘अर्धसत्य’ असा एकच शिक्का मारला तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

पायरी तिसरी: एका शब्दाचा बदल शोधा

आता सगळ्यात रंजक दावा. विरोधकांनी लिहिले की जुन्या कायद्यात तुमचे हक्क तुमच्यासोबत फिरतात, पण या प्रस्तावामुळे फोन, घड्याळ किंवा लॅपटॉप घेऊन राज्याबाहेर पडताच मोठ्या कंपन्यांना त्यावरची आरोग्याची, पैशाची माहिती उचलता येईल. पहिल्यांदा वाचताना हे भीती घालण्यासाठी लिहिले असावे असे वाटते. तरी कलम काढून पाहावे.

नागरी संहितेच्या कलम १७९८.१४५मध्ये जुनी सूट आहे: व्यवहाराचा प्रत्येक भाग पूर्णपणे कॅलिफोर्नियाबाहेर घडला असेल तर हा कायदा आड येत नाही. त्याला जोडून जुन्या मजकुरात एक वाक्य होते. ग्राहक राज्यात असताना त्याच्या उपकरणावर माहिती साठवून ठेवायची आणि तो बाहेर गेल्यावर ती गोळा करायची, याला ही सूट परवानगी देत नाही. प्रस्तावाने त्या वाक्यातले एकच क्रियापद बदलले. ‘परवानगी देत नाही’च्या जागी ‘मनाई करत नाही’ आले. बाकीचे वाक्य शब्दशः तसेच.

दोन्ही वाक्यांत ‘नाही’ आहे, त्यामुळे भरभर वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. अर्थ मात्र फिरला. जुन्या इंग्रजी वाक्याची व्याकरणाची घडी बिघडलेली होती हेही मान्य करायला हवे; ‘परवानगी’च्या क्रियापदामागे येणारे ‘from’ हे अव्यय खरे तर ‘मनाई’लाच जुळणारे होते. व्याकरण सुधारायचे तर अव्ययही बदलता आले असते. क्रियापद बदलल्याने दिशा बदलली. विरोधकांनी बोट ठेवले ते योग्य जागी.

अतिशयोक्ती कुठे आहे? सूट लागू व्हायला व्यवहाराचा प्रत्येक भाग राज्याबाहेर व्हावा लागतो, विक्रीचा कोणताही भाग कॅलिफोर्नियात चालत नाही, आणि ग्राहक राज्यात असताना गोळा केलेली माहिती विकता येत नाही. ज्या कंपन्यांची कार्यालये आणि कारभार कॅलिफोर्नियातच आहे त्यांना ‘आमचा प्रत्येक भाग बाहेर झाला’ असे दाखवणे अवघड आहे. शिवाय ‘ग्राहक’ ही ओळख सीमा ओलांडल्याने पुसली जात नाही. कॅलिफोर्नियात कायमचे घर असलेला माणूस दिवाळीला पुण्यात येऊन गेला तरी तो कायद्याने तिथला रहिवासीच राहतो. तेव्हा निकाल: बदल खरा, दिशा विरोधकांनी सांगितली तीच, ‘बाहेर पडताच सगळे उचलतील’ हा आवाका फुगवलेला.

पायरी चौथी: ‘आजचा कायदा’ म्हणजे नेमके काय?

ब्राउझरमधल्या एका सेटिंगने सगळ्या संकेतस्थळांना ‘माझी माहिती विकू नका’ असा संदेश एकदमच पाठवता येतो. विरोधकांचे म्हणणे होते की आजच्या कायद्यात कंपनीला हा संदेश पाळावाच लागतो, आणि प्रस्ताव आला तर तो दुर्लक्षित करून प्रत्येक ठिकाणी वेगळे कळवायला लावता येईल.

इथे ‘आजचा कायदा’ या शब्दांपाशी थांबा. विधिमंडळाच्या कायद्यात हे बंधन थेट नव्हते. ते ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) नियमावलीत होते, आणि ती नियमावली १४ ऑगस्ट २०२०ला मंजूर झाली. म्हणजे म्हणणे लिहिताना नियम मंजुरीच्या वाटेवर होता आणि मतदानापर्यंत लागू झाला. नियमावली आणि कायदा यांत फरक असतो: नियमावली प्रशासनाला बदलता येते.

प्रस्तावाच्या मजकुरात कलम १७९८.१३५ पाहा. कंपनीने एकतर संकेतस्थळावर नकाराचे दुवे द्यावेत, नाहीतर संदेश पाळावा, आणि दोन्हींपैकी काय करायचे ते कंपनीने ठरवावे, असे तिथे ‘स्पष्टतेसाठी’ म्हणून लिहिले आहे. नुसता मजकूर वाचला तर विरोधकांचा अर्थ सरळ निघतो. तो ओढूनताणून काढलेला नव्हता. प्रस्तावाच्या समर्थकांनी याला नुसते ‘खोटे’ म्हणणे बरोबर नव्हते.

पुढे काय झाले तो भाग वेगळ्या ओळीत लिहावा. ऑगस्ट २०२२मध्ये ॲटर्नी जनरलनी सेफोरा या सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या कंपनीशी १२ लाख डॉलरचा समझोता केला. आरोपांत हा संदेश न पाळणे होते, आणि हा समझोता जुन्या कायद्याखालचा होता. मार्च २०२३मध्ये, प्रस्तावाने अंमलबजावणीसाठी स्थापलेल्या नव्या संस्थेची नियमावली मंजूर झाली, तिने संदेश पाळणे सक्तीचेच आहे असा अर्थ लावला. म्हणजे भाकीत खरे ठरले नाही. पण ते नियम लिहिणाऱ्यांनी निवडलेल्या अर्थामुळे, मजकुरात शंकेला जागा नव्हती म्हणून नव्हे. २०२०च्या विधानाला २०२३च्या माहितीवरून ‘खोटे’ ठरवणे अन्यायाचे होईल.

पैसे देऊन खासगीपणा: खरे, तरी दिशाभूल

‘हा प्रस्ताव खासगीपणासाठी जादा पैसे मागू देतो’ हा दावा क्रियापदावर अडकतो. कलम १७९८.१२५ जुन्या कायद्यातही होते. ग्राहकाच्या माहितीचे कंपनीला जे मूल्य आहे त्याच्याशी वाजवी संबंध असेल तर वेगळा दर लावायला किंवा आर्थिक आमिष द्यायला तिथे आधीच मुभा होती. प्रस्ताव नापास झाला असता तरी ती राहिलीच असती. प्रस्तावाने भर घातली ती निष्ठा-योजना, सवलती, क्लब कार्ड यांना मनाई नाही अशा वाक्याची. ‘देतो’ हे अक्षरशः खरे, ‘नव्याने देतो’ हे खोटे, आणि वाचणाऱ्याच्या मनात दुसरेच उतरते. विरोधकांनी ‘ही पळवाट बुजवत नाही’ असे लिहिले असते तर एक अक्षरही खोडायला लागले नसते.

हेतूचे आणि खर्चाचे दावे

बंद दाराआड मोठ्या कंपन्यांचे ऐकून प्रस्ताव लिहिला, हा आरोप मजकूर वाचून सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही. तपासता येते ते इतकेच: प्रस्ताव २०१९मध्ये दाखल झाल्यावर त्याच्या मसुद्यात काय बदलले, आणि मोहिमेला पैसा कोणी दिला. मसुदे ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे मिळतात, देणग्या राज्याच्या कॅल-ॲक्सेस नोंदींत. बाजूच्या मोहिमेचा बहुतांश पैसा मॅकटॅगर्ट यांचा होता. याहून पुढे ‘तपासता येत नाही’ असे लिहून सोडून द्या. खर्चाबाबत विश्लेषणात वर्षाला किमान १ कोटी डॉलर असा आकडा आहे. कोणी याहून फार मोठा आकडा सांगितला तर तो कुठून आणला ते विचारा.

पायरी पाचवी: जे लिहिलेच नाही ते

म्हणण्यात न आलेल्या गोष्टींची यादी करा, दोन्ही दिशांनी. विरोधकांनी वगळले ते: चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा नवा हक्क, संवेदनशील माहितीचा वापर मर्यादित करण्याचा हक्क, अंमलबजावणीसाठी पाच सदस्यांच्या मंडळाची स्वतंत्र संस्था, आणि चूक सुधारायला कंपनीला आपोआप मिळणारी ३० दिवसांची मुदत रद्द होणे. ५०० शब्दांत विरोधकाने बाजूचे मुद्दे मांडावेत अशी अपेक्षा नाही. पण ‘हक्क कमी होतात’ असा सरसकट निष्कर्ष काढला असेल तर ही यादी त्याच्यासमोर ठेवावीच लागते.

दुसरी दिशा जास्त शिकवून जाते. विरोधकांच्या कामाचे, आणि पूर्ण खरे, असे दोन बदल मजकुरात होते. शारीरिक ओळखीच्या माहितीची (बोटांचे ठसे, चेहरा वगैरे) जुनी व्याख्या ‘ओळख पटवण्यासाठी वापरता येईल’ अशी होती. नव्या व्याख्येत ती ‘वापरली जाते किंवा वापरण्याचा हेतू आहे’ अशी आकसली. आणि कंपनीने किती जणांची माहिती हाताळली तर तिला कायदा लागू होतो, याची ५०,००० ग्राहक, कुटुंबे किंवा उपकरणे ही जुनी मर्यादा १,००,००० ग्राहक किंवा कुटुंबे अशी झाली, उपकरणे मोजणीतून गेली. लहान कंपन्या त्यामुळे बाहेर पडल्या. तपासणाऱ्याने हे नोंदवले नाही तर विरोधकांच्या चुकांचीच यादी हातात उरते, आणि प्रस्ताव होता त्याहून बरा दिसू लागतो.

हीच चाळणी बाजूच्यांनाही लावा. ‘आता विधिमंडळ हा कायदा कमकुवत करू शकणार नाही’ असे ते म्हणत. मजकुरात काय आहे? प्रस्तावाच्या उद्देशाशी सुसंगत आणि तो पुढे नेणारी दुरुस्ती विधिमंडळ साध्या बहुमताने करू शकते. उद्देशाशी सुसंगत काय, हे वाद झाला तर न्यायालय ठरवणार. म्हणजे संरक्षण आहे, पण पोलादी भिंत नाही.

निकाल कसा लिहावा

प्रत्येक दाव्यासाठी चार ओळी पुरतात: दावा स्वतःच्या शब्दांत, कलमाचा क्रमांक, जुने आणि नवे शब्द शेजारी, आणि कोणत्या तारखेला ते खरे होते. तारीख न लिहिलेला निकाल सहा महिन्यांत निरुपयोगी होतो, हे कामगारांच्या मुद्द्यात दिसलेच. निकाल लिहून झाल्यावर तो अशा माणसाला वाचायला द्या ज्याचे मत तुमच्या उलट आहे, आणि एकच प्रश्न विचारा: कलमाचे शब्द मी बरोबर उतरवले का?

छपाईच्या आधी चूक सापडली तर एक उपायही आहे. मजकूर सरकारी छापखान्यात जाण्यापूर्वी किमान २० दिवस लोकांना पाहण्यासाठी खुला असतो. त्या काळात कोणताही मतदार न्यायालयात जाऊन म्हणण्यातला भाग बदलण्याची किंवा वगळण्याची मागणी करू शकतो. मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे याचा स्पष्ट आणि पटणारा पुरावा द्यावा लागतो, आणि छपाईत मोठा अडथळा येता कामा नये. वर तपासलेल्या दाव्यांपैकी ‘गुपचूप’ हा एक शब्द कदाचित या कसोटीला लागला असता. सीमेचा आणि संदेशाचा दावा लागला नसता. त्यांच्या पाठीशी कलमाचे शब्द होते.